बाहेरची कडी

आई, आज सकाळी सुताराने विचारले की गाडीच्या दाराला बाहेरची कडी पुन्हा बसवायची की नाही, आणि मला उत्तर देता आले नाही. उद्या सांगते, एवढेच म्हटले. तो रंधा हातात धरून माझ्याकडे बघत राहिला, कारण वर्षभर तो मला ओळखतो आणि कोणतेही उत्तर मी उद्यावर टाकलेले त्याने पाहिलेले नाही. त्याच्याच आवारात, त्याने बसायला दिलेल्या ओंडक्यावर बसून हे लिहिते आहे. तुला जाऊन पंचवीस वर्षे उलटून गेली. इतक्या वर्षांत तुला दोन ओळी लिहाव्यात असे कधी मनात आले नाही. माझ्या हाताला सवय आहे ती औषधाच्या चिठ्ठ्या लिहिण्याची. पण कडीबद्दल तुझ्याइतके कळणारे दुसरे माणूस मला ठाऊक नाही.

गाडी कसली ते आधी सांगते. लढाई संपल्यावर इथल्या, नगरच्या लष्कराने जुन्या लॉऱ्या लिलावात काढल्या, त्यातली एक मी घेतली आणि तिच्या पाठीवर लाकडी खोली बांधून घेतली. झोपायला फळी, रोगी तपासायला टेबल, औषधांचे कपाट, कोपऱ्यात स्टोव्ह, पाण्याचे पिंप आणि मागच्या बाजूला दार. चाकांवरचे घर म्हण. मी डॉक्टर झाले तेव्हा तू नव्हतीस. राहात्याला दवाखान्यात बरीच वर्षे काढली, मग नगरला आले. राहात्याकडे पाटाचे पाणी आहे, ऊस आहे, बाई अडली तर तिला आणायला बैलजोडी आहे. जामखेडकडून येणाऱ्या बाया मात्र इतक्या लांबून येत, इतक्या उशिरा निघत, की गाडीवरचे कांबळे दूर करताना माझा हात आधीच सावध होई. त्या बाजूला मी स्वतः फिरतीवर जायचे ठरवले तर राहायचे कुठे? चावडीत बाईमाणसाला झोपू देत नाहीत. डाकबंगल्यावरचा खानसामा विचारी, सायब मागून येनार हायत का. साहेब येणार नाहीत, मीच आले आहे, असे सांगितले की त्याला किल्ली सापडेनाशी होई. म्हणून घर बरोबर न्यायचे ठरवले. दुसरे एक कारण होते, ते कोणाला सांगितले नाही. दुसऱ्याच्या दाराआड मला कधीच नीट झोप लागलेली नाही.

आपल्या स्वयंपाकघराच्या दाराला आतून काहीच नव्हते. बाहेरून लोखंडी कडी होती, वर, चौकटीला. मांजर शिरू नये म्हणून, असे सगळे म्हणत. वडील कलेक्टर कचेरीत कारकून, स्नान-संध्या वेळेवर, स्त्रीशिक्षणावर गावात व्याख्याने देणारे. सकाळी आमटीत मीठ कमी पडले, पाणी तापायला उशीर झाला, किंवा काहीच झाले नाही, तरी ते आत जात आणि दार लोटून घेत. बाहेर मला आवाज येई तो तुझा नव्हे, भांड्यांचा. मग ते बाहेर येत, कडी घालत, आरशात बघून पगडी नीट करत आणि कचेरीला जात. संध्याकाळपर्यंत दार उघडायचे नाही. विहिरीवर तुझे तोंड कोणाला दिसू नये, हा त्यातला हेतू. मी उंबऱ्याशी बसलेली आहे. तू आतून विचारतेस, "गेले का?" मी गेले म्हणते. मग चूल फुंकल्याचा आवाज येतो. दाराखाली बोटभर फट आहे, तिच्यातून तू पोळी सरकवतेस, घडी घातलेली, मध्ये गूळ चेपलेला. आणि म्हणतेस, आता पाढे म्हण. मी चुकले की तू आतून दारावर थाप मारतेस. एकोणतीसचा पाढा मी त्या दाराशी पाठ केला. पुढे कॉलेजात हाडांची नावे पाठ करतानाही मला कुठूनतरी थाप ऐकू यायची.

एक दिवस मी पाट उभा करून त्यावर चढले आणि कडी काढली. तुझा ओठ फाटलेला होता, एक डोळा मिटलेला होता. तू मला जवळ घेशील असे मला वाटले होते. तू मारलेली थप्पड वडिलांनी कधी मारली नसेल इतक्या जोराची होती. पाटावरून खाली पडले मी. "कोणी सांगितलं तुला? त्यांनी पाहिलं तर तुझे हात मोडतील. लाव परत." तू आत गेलीस, दार ओढून घेतलेस, आणि मी पुन्हा पाटावर चढून तुझ्या तोंडावर कडी घातली. आपण दोघींनी ही गोष्ट पुन्हा कधी काढली नाही. मी डॉक्टरी शिकायला मुंबईला निघाले तेव्हा तू माझ्या ट्रंकेत आपला लोखंडी खलबत्ता टाकलास, सुंठ कुटायला म्हणून. एवढे जड कशाला, असे मी म्हटले, तर तू म्हणालीस, असू दे, बाईच्या हाताशी काहीतरी जड असावं. त्या वेळी मी हसले होते.

तर हे घर. माझ्या डोक्यात ते पक्के तयार होते. कागदावर इंचाइंचाने काढून मी सुताराला दिले. तो मूळचा टांगे करणारा. त्याने कागद आडवा धरला, उभा धरला, शेजारच्या लोहाराला दाखवला आणि म्हणाला, "बाई, घर म्हनाल तर घर करतो, गाडी म्हनाल तर गाडी करतो. दोन्ही एकदम मागाल तर कुठंतरी चुकनारच." चुकले. आणि नुसते त्याचेच चुकले नाही. पाण्याचे पिंप आणि औषधांचे कपाट मी एकाच बाजूला काढले होते, कारण कागदावर ते सुबक दिसत होते. पिंप भरून गाडी पहिल्यांदा उतारावर घेतली तेव्हा ती त्या बाजूला अशी कलली की ड्रायव्हरने कानाला हात लावले. फळ्यांना पुढे कड ठेवायची हे मला सुचले नव्हते. पहिल्याच खड्ड्यात टिंक्चरच्या बाटल्या खाली आल्या आणि महिनाभर माझ्या जेवणाला आयोडीनचा वास होता. छत त्याने टांग्याच्या हिशेबाने केले. मी तीनदा डोके आपटून घेतल्यावर ते काढून पुन्हा करायला लावले. तो कुरकुरला, मी ओरडले, लोहार मध्ये पडला. रस्त्याने जाणारे थांबून बघत. कोणी म्हणे शिनेमावाल्यांची गाडी आहे, कोणी म्हणे सर्कशीतला वाघ येणार. एक म्हातारा सुताराला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "लगीन न्हाई केलं म्हून काय झालं, बाईनं सासरच चाकावर घातलंय." मी त्याला म्हटले, सासू नाही त्यात, तेवढी सोय बघा. त्यावर सुतार इतका हसला की पटाशी बोटाला लागली, आणि त्या घरातला पहिला टाका मी त्यालाच घातला.

पण दोन गोष्टी त्याने मला न विचारता केल्या, आणि दोन्ही माझ्या अब्रूसाठी केल्या. ड्रायव्हरच्या पाठीमागे, त्याची जागा आणि माझी खोली यांच्यामध्ये, मी एक खिडकी काढली होती. आतून हाक मारता यावी म्हणून. ड्रायव्हर लष्करातून सुटून आलेला, शेवगावकडचा, तोफांच्या आवाजाने एका कानाने गेलेला. खिडकी हवीच होती. सुताराने ती फळी ठोकून बंद केली आणि वर रंग दिला. का, तर त्या बाजूला माझा स्टोव्ह. "तुमी बामनाच्या. ड्रायव्हर कोन कुठला, त्याच्या डोळ्याम्होरं तुमचं सयंपाकघर? लोकं मला हसतील." आणि दाराला मी फक्त आतून अडसर सांगितला होता, बाहेरून काही नको म्हणून निक्षून सांगितले होते. शेवटच्या दिवशी त्याने बाहेरून कडी बसवली, जाड, पितळी फुलाची, माझ्याकडून काही न घेता, आपल्या हौसेने. मी काढायला सांगितली तर त्याचे तोंड उतरले. "भाईर कडी न्हाई असं दार म्या आजवर केलं न्हाई, बाई. तुमी पेशंट बघाया गेल्यावर घर काय उघडं टाकनार?" बोलणे खोटे नव्हते. दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचे होते, बोल्ट आरपार गेलेले होते, आणि मी थकले होते. राहू द्या म्हटले. खिडकीबद्दलही तेच म्हटले. खरे सांगायचे तर फळी ठोकलेली ती भिंत मला बरी वाटली. पाठीमागे कोणी नाही असे घर मला तोवर मिळालेच नव्हते.

गेल्या बाजाराच्या दिवशी गाडी जामखेडच्या अलीकडे एका गावाबाहेर, ओढ्याच्या काठी उभी होती. आदल्या दिवशी एक बाई आली होती, पंचविशीची असेल, मूल होत नाही म्हणून. मी तिला तपासले. तिच्यात काही दोष दिसेना. मी तिला मुंबईच्या कॉलेजात शिकवतात तेच सांगितले, की नवऱ्याला घेऊन ये, त्यालाही तपासावे लागेल, दोष त्याच्यातही असू शकतो. हे वाक्य मी राहात्याला, नगरला शंभर वेळा उच्चारले असेन. त्या बाईने ते घरी जाऊन जसेच्या तसे नवऱ्याला सांगितले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती परत आली ती धावत. डाव्या हाताचे हाड कोपराखाली मोडलेले, डोक्याची कातडी कपाळापासून मागे फाटलेली, पदर रक्ताने जड झालेला. वरवंट्याने मारले होते. मी तिला आत ओढले, अडसर घातला आणि टेबलावर निजवले. डोक्याकडे मी नंतर पाहिले, आई. आधी तिचे पोट चाचपले. तिसऱ्या वर्षाला असताना शवविच्छेदनाच्या टेबलावर एका हमालाचे पोट उघडले होते. बाहेरून ओरखडाही नव्हता, आत सगळे रक्त. हिवतापाने पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली असली की एका लाथेने फुटते, प्राध्यापक सांगत होते, आणि आपल्या देशात हे रोज घडते. तू गेलीस त्याला तेव्हा वर्ष झाले होते. मला पत्राने कळवले होते की तुला ताप होता, आणि एकाएकी पोटात दुखून गेलीस. वडिलांचे अक्षर सुंदर होते. त्या टेबलाशी उभी असताना मला कळले तू कशाने गेलीस. मी हात धुतले आणि पुढच्या तासाला जाऊन बसले. या बाईचे पोट मऊ होते. मग मी तिच्या डोक्याकडे वळले.

टाके अर्धे झाले होते तेव्हा दारावर पहिला घाव बसला. नवरा आला होता, कुऱ्हाड घेऊन. बाजाराला आलेली माणसे ओढ्यापलीकडे उभी राहून बघत होती. दाराच्या फटीतून मला त्यांची धोतरे दिसत होती. एकही पाय पुढे आला नाही. "बाई, माझं मानूस भाईर काढा. माझ्यात खोट हाय म्हनता? गावात तोंड दाखवाया जागा ठिवली न्हाई." मी आतून सांगितले की टाके झाल्याशिवाय दार उघडणार नाही, आणि झाल्यावरही उघडणार नाही. तो म्हणाला, "तुमाला न्हाई नवरा, न्हाई पोर. नवरा-बायकूतलं तुमाला काय ठावं?" मी म्हटले, "मला सगळं ठाऊक आहे." तेवढेच बोलले. टेबलावरची बाई पांढरी पडली होती, पण तिचा उजवा हात माझ्या लुगड्याला घट्ट धरून होता आणि ती एकच म्हणत होती, शिवा, बाई, तुमी शिवा.

सुताराचे दार चांगले होते. घाव बसत होते, ढलप्या निघत होत्या, फळी फुटत नव्हती. मग घाव थांबले आणि मला तो आवाज आला. बाहेरून कडी पडल्याचा. पन्नाशीला आलेली बाई मी, माणसांची पोटे उघडणारी, आणि माझ्या हातातून सुई गळून पडली. तो बाहेर कोणाला तरी सांगत होता, "बसू द्या दोघींना आत. घासलेट आना." गर्दीतून एक आवाज आला, "रेशनचं घासलेट हाय गड्या, बाईपायी कोन देतंय?" आणि लोक हसले. त्या हशामुळेच आम्ही दोघी जिवंत राहिलो असू. घासलेट कोणी आणले नाही. तेव्हा तो गाडीच्या मागच्या चाकाशी गेला आणि टायरवर घाव घालू लागला. प्रत्येक घावाला टेबल हादरत होते.

ड्रायव्हर पुढे आपल्या जागेवर दुपारची झोप काढत होता, चांगला कान उशीला लावून. भिंतीवर मी मुठी मारल्या, हाका मारल्या. तिथे खिडकी असती तर मी हात घालून त्याची कॉलर धरली असती. सुताराने फळी किती मनापासून ठोकली होती ते तेव्हा कळले. मग मी तुझा बत्ता घेतला. फळी पहिल्या घावाला वाकली, पुढच्याला चिरली, आणि नंतरचे मी मोजले नाहीत. रंगाच्या खपल्या डोळ्यांत गेल्या, हाताची साले गेली, स्टोव्ह पडला. भोक पडले तशी मी त्यातून हात खांद्यापर्यंत घातला आणि ड्रायव्हरचे केस धरून त्याचे डोके हलवले. तो शत्रूच आल्यासारखा ओरडून उठला. मी म्हटले, चला. कुठे, असे त्याने विचारले नाही, लष्करातला माणूस. इंजिन लागले, गाडीने एक हिसका दिला आणि मागचे चाक कशावरून तरी गेले. तो धक्का मला जमिनीतून, पायांच्या तळव्यांना लागला. लहानसा धक्का होता. मग किंकाळी आली.

गाडी थांबली. ड्रायव्हर धावत मागे आला, त्याने कडी काढली, मी आतून अडसर काढला आणि त्याने जे दिसले ते सांगितले. टायर तोडताना नवऱ्याने जोर घ्यायला एक पाय चाकापुढे रोवला होता. पावलाचा पुढचा भाग राहिला नव्हता. मी म्हटले, आणा त्याला आत, पण थांबा, आधी हिचे टाके. तो गाडीच्या पायरीशी ओरडत पडला होता आणि मी नवी सुई घेऊन त्याच्या बायकोच्या डोक्याचे उरलेले टाके घातले, सरळ, घाई न करता. मग तिचा हात खपच्यांत बांधला. मग त्याला टेबलावर घेतले आणि तिला फळीवर निजवले. क्लोरोफॉर्मचे थेंब टाकायला ड्रायव्हरला बसवले. बोटे काढून टाकली, टाच वाचवली. जे करायचे ते नीट केले. कोणीही डॉक्टर येऊन बघू दे. ती फळीवरून सगळे बघत होती. मी तिला तोंड फिरवायला सांगितले तर म्हणाली, "बगू द्या. त्यानं माझं बगितलंय."

संध्याकाळी पाटील आले आणि नवऱ्याचा भाऊ आला. पाटलांनी पायाकडे पाहिले, दाराकडे पाहिले, आणि म्हणाले, "झालं ते झालं, डॉक्टरीणबाई. फौजदारापर्यंत कशाला न्यायचं?" मी म्हटले, नेणार, दोन्ही नेणार, माझ्या गाडीने याचा पाय गेला तेही आणि याने हिला मारले तेही. पाटील तिच्याकडे वळले. ती म्हणाली, "म्या फिर्याद न्हाई द्यायची." माझा संताप झाला. रात्रभर त्या दोघांना मी गाडीत ठेवले, भावाला बाहेर बसवले. सकाळी भावाने बैलगाडी आणली. ती उठून बसली आणि म्हणाली, "बाई, म्या जाते त्येच्यासंगं."

मी तिला सगळे सांगून पाहिले. माझ्याबरोबर राहा, पाणी उकळ, पट्ट्या धू, दोन वेळचे जेवण आणि पगार देईन. ती हसली, हसताना टाके ओढले म्हणून डोक्याला हात लावला. "चाकावर नांदू व्हय? तुमी नांदता. तुमची गोष्ट येगळी. म्हायेरी भावजय दारात उभी करत न्हाई, आनि शेत त्याच्या नावावर हाय, पन राबते म्या." मी म्हटले, पुन्हा मारील. तिने टेबलावर ग्लानीत पडलेल्या नवऱ्याकडे पाहिले, शेतातल्या कामाकडे बघावे तसे. "कशानं? उभं ऱ्हायाला आता काठी लागंल त्येला. काठी म्या देईन तवा उठंल. दार बी म्याच लावीन, म्याच उघडीन." मी आणखी बोलणार होते. तेवढ्यात तिने मोडका हात छातीशी धरून, चांगल्या हाताने माझ्या दंडाला धरले आणि म्हणाली, "घाला मला गाडीत, बाई. उशीर करू नका." तुझ्या आवाजात बोलली असे मी म्हणणार नाही, ती अगदी वेगळ्या आवाजाची बाई होती. पण मी पाटावर चढले होते तेव्हासारखेच, तिने सांगितले तसे केले.

आज सुतार भिंतीतले भोक बघून आधी माझ्यावर चिडला, मग सगळे ऐकल्यावर फुटलेली फळी स्वतःच उपटू लागला. तिथे आता खिडकी करतो आहे, सरकत्या फळीची, माझ्या बाजूने उघडणारी. दाराला नवी फळी घातली आहे. कडीची पितळी फुले घावांनी चेपली होती, ती त्याने ठोकून सरळ केली आहेत आणि बाकावर ठेवली आहेत. आता एवढे लिहून झाल्यावर मला उत्तर देता येईल असे वाटते. नको म्हणून सांगेन. मी रोगी बघायला गेले असताना कोणी औषधे चोरली तर चोरू दे. दुसरे घर बांधायला निघालेल्या कोणीही मला विचारले, काय शिकलात, तर पिंप मध्यावर ठेवा, फळ्यांना कड ठेवा, ड्रायव्हरला हाक जाईल अशी वाट ठेवा, हे मी सांगेन. कडीचे सांगणार नाही, त्याची कारणे फार लांब जातात.

एक गोष्ट फौजदारांना दिलेल्या जबाबात नाही. तो मी स्वतःहून नगरला पोचल्यावर दिला, आणि त्यात अपघात असे लिहिले आहे, ते खरेही आहे. चाकापुढे पाय आहे हे मला माहीत नव्हते. पण तो लहानसा धक्का तळव्यांना लागला, आणि तो कशाचा हे किंकाळीवरून कळले, तेव्हा मला बरे वाटले. माझ्या सगळ्या शिक्षणानंतर, आई, मला बरे वाटले. हे तुझ्याखेरीज कोणाला सांगायचे नाही म्हणून हा कागद मी औषधांच्या खोक्यात तळाशी घालते आहे.

त्या सकाळी भावाने आणलेल्या बैलगाडीत जे दिले ते असे. एक पुरुष, शुद्धीवर, डावे पाऊल बांधलेले. एक बाई, डावा हात खपच्यांत, आपल्या पायांनी चढली. पट्ट्यांचे एक पुडके, जखम धुवायची पूड, ती कशी वापरायची ते बाईकडून दोनदा म्हणवून घेतले. आणि कुऱ्हाड. ती आमची आहे, राहायला नको, असे तिनेच म्हटले. दिराने हात पुढे केला होता. मी ती तिच्या हातात दिली.